खेळण्यांच्या पेटीला प्लाय १२ मिमी की १८ मिमी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात राहतो, मुलांसाठी घरीच पेटी करतोय. माप ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मुलं ३ आणि ६ वर्षांची, म्हणजे झाकणावर बसणार, उड्याही मारणार.

मिस्त्री म्हणतात, "सगळं १८चंच घ्या." पण मग नुसतं झाकणच साडेचार-पाच किलोचं होतं आणि बोटांची भीती वाटते. १२चा तुकडा दोन विटांवर ठेवून बसून पाहिलं, चांगलाच वाकला. खालून दोन आडव्या पट्ट्या मारल्यावर बराच सावरला. मात्र १२च्या कडेत स्क्रू घातला की थर फुटतात, आधी भोक पाडलं तरी.

प्लाय बीडब्ल्यूआर (पाणी-ओल सोसणारा) घेणार, इथल्या पावसाळ्यात साध्याचा भरवसा नाही. सागवान बजेटबाहेर. घर भाड्याचं, पेटी हलवावी लागेल. मागे हवेची भोकं ठेवणारच, कुलूप नाही. (प्लॅस्टिकचा डबा सुचवू नका, दोन फोडून झालेत!)

विचार असा: बाजू १८, तळ ९ खाचेत बसवून, झाकण १२ आणि खाली पट्ट्या. हे झाकण मुलांचं बसणं-उड्या सोसेल का? आणि झाकण आपटू न देणाऱ्या गॅस पंपाचे स्क्रू १२मध्ये धरतील, की तिथे जाड ठोकळा लावावा?