रोलचा ऑटोफोकस कॅमेरा : इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

घर आवरताना बाबांच्या कपाटात कॅननचा ईओएस ३०० सापडला, १९९९ सालचं मॉडेल. सीआर२चे दोन सेल घातले, बटण अर्धं दाबलं आणि चित्र स्पष्ट करायला लेन्स आपोआप फिरली, हाच तो ऑटोफोकस. डोळेच भरून आले. बाबा हौशी, फोटोग्राफीचं शिक्षण काही नाही, पण हा आला आणि घरातले चेहरे एकदम स्पष्ट यायला लागले. तुमच्याकडे असा होता का?

रामबाग : आमचा साधा खिशातला ऑटोफोकस. ताईच्या लग्नात नवरा-नवरी शेजारी उभे, मी बरोबर मध्ये नेम धरला. कॅमेऱ्याने दोघांच्या मधल्या फटीतून मागचा पडदा पकडला! पडद्याची झालर लख्ख, ताई धूसर. नंतर एका स्टुडिओवाल्या काकांनी शिकवलं : एका चेहऱ्यावर बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग चौकट सरकवायची.

राजवाडा : आमचाही ३०० च. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, पाण्याच्या माऱ्यापासून वाचवत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला होता. राजवाड्यासमोर गुलालाचा ढग उठला, तेवढ्यात मामेभावाने चुकून मागचं झाकण उघडलं. सगळा रोल गेला, असंच वाटलं. पण हा कॅमेरा रोल घालताच आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि मग काढलेला एकेक फोटो परत डबीत जातो. म्हणून आकडा उलटा, ३६ वरून खाली येतो. उजेड लागला तो न काढलेल्या फिल्मला. काढलेले जवळजवळ सगळे वाचले. त्यात आजोबांचा गुलालाने माखलेला शेवटचा फोटो आहे. या एका गोष्टीसाठी मी हा कॅमेरा जन्मभर सांभाळीन.

लोकमान्यनगर : रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात लेन्स नुसती पुढे-मागे फिरत बसायची. काळोखात किंवा सपाट भिंतीवर तिला पकडायला काही सापडत नाही. कढईच्या चकाकत्या काठावर धरा, लगेच थांबते.

राजवाडा : धागा काढणाऱ्या ताई, एक राहिलं. झाकण उघडलंत का? नसेल तर थांबा. मागे छोटी खिडकी आहे, आत डबी दिसते का पाहा.

धागाकर्ती : नाही उघडलं. खिडकीत पिवळी डबी दिसतेय. बाबांचा रोल आत आहे.

राजवाडा : मग झाकणाला हात लावू नका. मध्येच रोल गुंडाळायचं वेगळं बटण आहे, ते दाबा. आवाज थांबला की मगच उघडा. रंग उतरले असतील, पण धुवायला द्याच.

धागाकर्ती : दाबलं. गुंडाळतोय.