काचेवर पक्षी आपटून मरतायत, काय लावू? (बजेट ३००० च्या आत)

कळंबावाली: नमस्कार. आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला नवीन घर बांधलंय, हॉलला ६ बाय ५ फुटांच्या दोन खिडक्या आहेत, समोर उंबराचं झाड आणि पलीकडं ऊस. ऊन लागतंय म्हणून मार्चमध्ये आरशासारखी सन फिल्म लावून घेतली आणि तेव्हापासून हा प्रकार चालू झाला. दोन बुलबुल, एक शिंजीर, एक होला आणि आज सकाळी तांबट गेला. होला आपटला तेव्हा काचेवर त्याच्या अंगाची पांढरी भुकटी उमटली होती, पसरलेले दोन्ही पंख, छाती, अगदी चोचीची जागा सुद्धा. मुलगी ते पुसू देईना. स्वस्तात आणि लवकर होणारं काहीतरी सांगा, खिडक्या खालच्याच मजल्यावर आहेत.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन: ताई, डायरेक्ट बाहेरून एसएसची (स्टेनलेस स्टीलची) जाळी मारा, स्लायडिंग फ्रेममध्ये. आमच्यात तीन वर्षं झाली लावून, गंज नाही काही नाही, डास पण बंद. दोन खिडक्यांचे १८-२० हजार धरा पण एकदा केलं की बघायला नको.

रंकाळा_मॉर्निंग: घारीचं काळं स्टिकर मिळतंय ते चिकटवा. आम्ही लावलंय, एक पण पक्षी आपटला नाही. दीडशे रुपयांत काम.

बांबू_घर: रंकाळा दादा, तुमच्या खिडकीसमोर झाड आहे का? नसेल तर मुळात आपटणारच नाहीत. आम्ही तीच घार लावली होती, बुलबुल घारीच्या शेजारीच वीतभर अंतरावर येऊन आपटला. पक्ष्याला ती घार वाटतच नाही, एक डाग दिसतो, तो चुकवून बाजूनं जायला बघतो.

रंकाळा_मॉर्निंग: झाड नाही, समोर पार्किंग आहे. पण स्टिकर चांगलं आहे हे मी अनुभवानं सांगतोय.

शाहूपुरी_फ्लॅट: तुमचे पक्षी आपटतात तरी, आमच्यात पारवे हलेनात. एसीच्या युनिटवर तिसरं घरटं. जाळी लावली तर जाळीच्या आत शिरले. कुणाकडं पारव्यावर उपाय आहे का?

बांबू_घर: पारव्यांचा वेगळा धागा काढा हो.

पानाफुलांत: कळंबावाली ताई, आधी कारण बघा. तुमच्या काचेत उंबर आणि आभाळ दिसतंय, पक्ष्याला तिथं काच आहे हे कळतच नाही, पुढं अजून एक झाड आहे असं समजून सरळ येतोय. उंबर पिकला की तांबट, बुलबुल येणारच. तुमच्या फिल्मनं तो आरसा अजून पक्का झालाय. म्हणून जे लावाल ते काचेच्या बाहेरच्या बाजूनं लावा, आतून लावलं तर प्रतिबिंबाखाली दिसतच नाही. आणि गाळा लहान पाहिजे. खुणा एकमेकींपासून ५ सेंटीमीटरवर पाहिजेत, आडव्या आणि उभ्या दोन्हीकडून, म्हणजे त्यातून आपण जाऊ शकत नाही असं लहान पक्ष्याला पण वाटतं. ठिपका निदान ६ मिलिमीटरचा हवा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत मॅककॉर्मिक प्लेस नावाच्या एकाच इमारतीवर एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले होते, पुढच्या वर्षी त्यांनी काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणं ९५ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. एवढ्या मोठ्या इमारतीवर चाललं तर हॉलच्या खिडकीवर का नाही चालणार.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन: जाळी पण बाहेरूनच असते, तेच सांगत होतो. शिवाय पक्षी धडकला तरी जाळीमुळं दणका कमी बसतो.

गच्चीबाग: माझ्याकडं दयाळ रोज सकाळी काचेवर चोच मारतो, म्हणजे तोच प्रॉब्लेम ना? मी वर्तमानपत्र लावलंय.

पानाफुलांत: नाही, तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतोय, विणीचा हंगाम आहे. त्यानं सहसा मरत नाही. वर्तमानपत्र बाहेरून लावलं तर बरं.

पन्हाळा_रोड: मी माझी चूक सांगतो म्हणजे दुसऱ्याकडून होणार नाही. मागल्या जूनला आमच्या गॅलरीच्या काचेवर नवरंग आपटला, जिवंत होता, नुसता मान टाकून बसलेला. मी घाबरून ड्रॉपरनं चोचीत पाणी घातलं, दोन मिनिटांत गेला. नंतर कळलं की बेशुद्धीत पाणी श्वासनळीत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडायची, आत मऊ कापड, पक्षी ठेवायचा, झाकायचं, अंधारात शांत ठेवायचं, पाणी नाही दाणा नाही. तासाभरानं बाहेर झाडाजवळ नेऊन उघडायचं. उडाला नाही किंवा पंख लोंबत असला तर डॉक्टरकडं. घरात खोकं तयारच ठेवा ताई.

बांबू_घर: आम्ही शेवटी दोऱ्या सोडल्या. लक्ष्मीपुरीतनं नायलॉनची दोरी आणली, वरच्या पट्टीला भोकं पाडून १० सेंटीमीटरवर एकेक सोडली. वाऱ्यानं हलते ते चांगलंच. साडेसातशे रुपये. दोन वर्षं झाली, एकच आपटला आणि तो पण उडून गेला. लई सोपं आहे, हेच करा.

शाहूपुरी_फ्लॅट: दोरीवर पारवे बसतात का?

उद्यमनगर_फॅब्रिकेशन: पावसाळ्यात दोरी गुंडाळून बसणार बघा. जाळीचं पक्कं काम.

कळंबावाली: सगळ्यांचे आभार. खोकं केलं, जिन्याखाली ठेवलंय. जाळी बजेटमध्ये बसत नाही दादा, आणि त्या खिडकीतनं जोतिबाचा डोंगर दिसतो तो सासऱ्यांना रोज सकाळी बघायचा असतो. दोऱ्या पण त्यांना नको आहेत. फिल्म काढायला बोलावलं तर ते लोक काचेची गॅरंटी देत नाही म्हणाले. मग सासूबाईच म्हणाल्या, ठिपकेच काढायचेत ना, मी काढते. गवंड्याकडचं सूत गेरूत भिजवून काचेवर बाहेरून रेघा मारल्या, ५ सेंटीमीटरवर. पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणला आणि पेन्सिलीच्या मागचं रबर बुडवून एकेक ठिपका टेकवला, रबर बरोबर ६ मिलिमीटरचं निघालं. एका खिडकीवर हजाराच्या वर ठिपके झाले. पहिल्या तीन ओळी ओघळल्या, पेंट जास्त लागत होता, ब्लेडनं खरवडून परत काढल्या. सगळं मिळून दोनशे ऐंशी रुपये. आतून बसून बघितलं तर डोंगर दिसतो, दोन दिवसांत ठिपक्यांकडं लक्ष पण जात नाही.

रंकाळा_मॉर्निंग: मध्ये एक घार पण लावा.

गच्चीबाग: हे लई भारी झालं. फोटो टाका की.

कळंबावाली: टाकते. काल सकाळी एक बुलबुल उंबरातनं सरळ काचेकडं आला आणि हातभर अंतरावर वर वळून पागोळीवर बसला. मुलगी ओरडलीच. दुसरी खिडकी रविवारी, तोवर बाहेरून जुनी चादर टांगलीय. पानाफुलांत, ऑइल पेंट पावसात काचेवर किती टिकतो, काही कल्पना आहे का?