सल्ला हवा: ६४ अँटेना, ८ युजर, रिसीव्हरला हलका डिटेक्टर कोणता?

घाटकोपरचा_तारवाला: एम.टेक.चा प्रोजेक्ट. बेस स्टेशनला ६४ अँटेना, ८ युजर, अपलिंक (युजरकडून स्टेशनकडे), १६-क्वाम (दर वेळी १६ पैकी एक चिन्ह). आठांचे मिसळलेले सिग्नल वेगळे करणारा डिटेक्टर हवा. मॅटलॅबमध्ये एमएमएसई (सरासरी चूक कमीत कमी ठेवणारी पद्धत, मॅट्रिक्स उलटावा लागतो) चालतंय, आता एफपीजीएवर (हवं ते सर्किट जुळवता येणारी चिप) उतरवायचंय. मॅट्रिक्स इन्व्हर्स टाळणारी पद्धत सुचवा. बजेट १५ हजार, बोर्डासकट.

सिग्नलबाबा: यूएसआरपी (संगणकाला जोडायचा रेडिओ) घ्या. दोन घ्या. आमच्याकडे आहेत. हवेतला सिग्नल पकडल्याशिवाय सगळं कागदावरच.

ठाणेकरीण: बाबा, १५ हजारांत त्याचं खोकं तरी येईल का? तारवाला, न्यूमन सिरीज घ्या, इन्व्हर्सऐवजी काही टर्मची बेरीज. ६४ला ८ म्हटल्यावर ग्रॅम मॅट्रिक्सचा (चॅनेलपासून बनणारा ८×८, तोच उलटायचा असतो) कर्ण बाकी आकड्यांपेक्षा भारी असतो, दोन टर्ममध्ये भागतं. मी तेच केलं, व्हायव्हात कुणी हूं की चूं केलं नाही.

के_बेस्ट: दोनवर थांबलात तर. तिसरी टर्म घेतली की खर्च परत युजरसंख्येच्या घनात. युजर वाढले की सिरीज मान टाकते ते वेगळंच. गाउस-सायडेल करा, इन्व्हर्स न काढता फेरीफेरीने उत्तर सुधारतं, फेरीला ६४ गुणाकार.

सिग्नलबाबा: सगळ्या शक्यता तपासणारं मॅक्सिमम लाइकलीहुड हेच खरं उत्तर. बाकी तडजोड.

ठाणेकरीण: १६चा आठवा घात म्हणजे ४२९ कोटी शक्यता, तेही दर वेळी! स्फिअर डिकोडर छाटतो बऱ्याच, पण नॉइज वाढला की कधी संपेल याचा भरवसा नाही.

विरारफास्ट: बोर्ड लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेणार असाल तर तिथेच चालवून बघा. मला एकाने नवा म्हणून वापरलेला दिला, जेटॅगची (चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायची) पिन वाकलेली. परत घेईना.

रात्रपाळी: गाउस-सायडेल मीही सांगणार होतो, पण त्यात प्रत्येक युजरचं उत्तर आधीच्या ताज्या उत्तरासाठी अडून बसतं, समांतर चालवणं अवघड. आणि मुख्य खर्चाकडे कुणी बघतच नाहीये. न्यूमन असो की सायडेल, ग्रॅम लागतोच. तो बनवायला ६४×८×८ म्हणजे ४०९६ कॉम्प्लेक्स गुणाकार, हर्मिशियन (कर्णाची एक बाजू दुसरीवरून कळते) म्हणून अर्धाच काढला तरी २३०४. त्यापुढे ८×८चं चोलेस्की (मॅट्रिक्स दोन त्रिकोणी भागांत फोडणं) म्हणजे फक्त शे-सव्वाशे गुणाकार, वर थोडे भागाकार नि वर्गमुळं.

सिग्नलबाबा: लॅमिंग्टन रोडला ओळख लागते. माझी आहे.

घाटकोपरचा_तारवाला: आभार मंडळी. चोलेस्कीच करतोय, ८ युजरना इन्व्हर्स टाळून वाचणार काय? डोकं ग्रॅमच्या पाइपलाइनवर लावतो. बोर्ड कॉलेजच्या लॅबमधून मिळतोय.

के_बेस्ट: मग इन्व्हर्स टाळणारी पद्धत विचारलीत कशाला?