‘दोन कॉइल उडवा, गाडी बसते’ म्हणणाऱ्यांसाठी

चाकबंद (पुणे)
परवा एकाने लिहिलं, “जुनी स्विफ्ट खाली बसवायला हजारो रुपये कशाला घालता? ग्राइंडर घ्या, स्प्रिंगच्या दोन कॉइल उडवा, संध्याकाळपर्यंत गाडी बसते.” खाली पोरांची रांग लागली, कुठल्या गॅरेजला जाऊ म्हणून. एकानेही विचारलं नाही की कापल्यावर स्प्रिंगचं नेमकं काय होतं. ते वाचून राहवलं नाही.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. काम करणारे वेढे, म्हणजे कॉइल, सहा असतील आणि एक काढला, तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. दोन काढले तर थेट दीडपट. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाने भरलेला असतो. त्यात गाडी खाली आल्यामुळे शॉकअपची दाबाकडची चाल (दबायला उरलेली जागा) आधीच खाल्लेली. पाच माणसं बसली की बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळणार, आणि ते वळणात झालं तर चाक रस्त्यावरची पकड सोडतं. पुढे स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), त्यामुळे लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी वळणात ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. म्हणजे गाडी वळणात कमी झुकावी म्हणून जे केलं, त्याचा बराच फायदा तिथेच गेला.

डाऊन_स्विफ्ट (कोल्हापूर)
भावा, दोन कॉइल मी पण म्हणत नाही. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. माझी २००९ ची डिझेल स्विफ्ट आहे. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा आणि शॉकअपचा जो आकडा मला सांगितला, तो ऐकून घरात विषयच काढता आला नाही. मग आम्ही गाडीची हौस करायचीच नाही का? पुढून पाऊण कॉइल कापली, ग्राइंडरने, ओलं फडकं गुंडाळून, थांबत थांबत. अलाइनमेंट केलं. बरीच वर्षं झाली, टायर सरळ झिजतात.

आणि तुमचंच गणित पुढे न्या की. खाली आलेल्या गाडीला कडक स्प्रिंग लागतेच, कारण चाल कमी उरते. वीस टक्के कडक झाली तर डॅम्पिंग (शॉकअपचा उसळी रोखायचा जोर) वर्गमुळाच्या हिशोबाने दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावं लागतं. तेवढा फरक शॉकअप नवा आणि जुना यातच असतो.

चाकबंद
शॉकअप नवा असेल तर. जुन्या गाडीत तो आधीच दमलेला असतो, तिथे आणखी दहा टक्के कुठून आणणार?

गॅरेजची_मुलगी (नाशिक)
वडिलांच्या गॅरेजात वाढले, आता तेच चालवते, म्हणून लिहिते. गणितं दोघांची बरोबर आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या गणिताने बिघडलेल्या नसतात. गॅस कटरने बिघडलेल्या असतात. लाल होईपर्यंत तापवलं की तिथल्या पोलादाचं पाणी (टणकपणा) उतरतं, मग ती जागा बसते किंवा तुटते. काही जण तर कापायचेही कष्ट घेत नाहीत, गाडी उभी असतानाच ज्योत लावून स्प्रिंग खाली बसवतात. अशी गाडी मी टेस्ट राइडलाही बाहेर काढत नाही.

दुसरं, स्प्रिंगचं टोक बघा. टोकाकडे वेढा लहान होत गेलेला असेल (डुकराच्या शेपटीसारखा), तर त्या बाजूने कापलेली स्प्रिंग सीटमध्ये बसतच नाही. आणि स्विफ्टला मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. कापल्यावर चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होते. एका गाडीला जॅक लावला आणि स्प्रिंग माझ्या हातात आली. मालकाने ती बाइंडिंग वायरने बांधली होती.

खड्डेत्रस्त (सातारा जिल्हा)
तुम्ही सगळे गाडी खाली करताय आणि आमच्याकडे रस्ता वर येतोय, त्यावर कोण बोलणार? स्पीडब्रेकरचं माप इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच ठरवून दिलंय. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. आमच्या रस्त्यावर डांबराचे उभे बांध आहेत, पट्टे नाहीत, फलक नाही. न कापलेल्या गाडीचा चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) फुटतो इथे.

आजीचा_नातू (ठाणे)
दादा, ते बांध गाववाले उगाच घालत नाहीत. आमच्या गावच्या फाट्यावर शाळेतलं पोर गेलं, तेव्हा कुठे ब्रेकर झाला. माप बघायला कोण आलं होतं?

खड्डेत्रस्त
माझ्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तिला दवाखान्यात नेताना प्रत्येक बांधावर ती किंचाळते. ॲम्ब्युलन्सही त्यावरूनच जाते. पोर वाचवायला पट्टे मारलेला, मापातला ब्रेकर चालत नाही का?

आजीचा_नातू
मापातल्यावरून तुमच्यासारखेच ऐंशीने जातात.

खड्डेत्रस्त
मी ऐंशीने जातो हे कुणी सांगितलं तुम्हाला? आई मागे झोपलेली असताना? जिभेला हाड ठेवा.

आजीचा_नातू
तुम्हाला नाही म्हणालो, त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांबद्दल म्हणालो. आईंबद्दल वाईट वाटलं. पट्टे हवेत, हे मान्य. ब्रेकर काढायचा म्हणाल तर आमच्या गावात कुणी हात लावू देणार नाही.

डाऊन_स्विफ्ट
झालं का? मूळ स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. माझी त्याहून खाली आहे, तरी मी तिरकी घालून ब्रेकर काढतो. चालवणाऱ्यावर असतं.

कलम_५२ (मुंबई)
पोलिसांनी किंवा आरटीओने धरलं की कळेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं, मालकाला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याचा सर्व्हेयर आला तर तोही विचारणार.

डाऊन_स्विफ्ट
आरसीवर स्प्रिंगची उंची कुठं लिहिलीय? आणि एलईडी लावून समोरच्याला आंधळं करणाऱ्यांना कुठलं कलम लागतं? फटाके फोडणाऱ्या बुलेटी रोज चौकीसमोरून जातात. सापडतो तो गरीब गाडीवालाच.

चाकबंद
बुलेटवाला सुटला म्हणून तुमचा शॉकअप सुधारत नाही. तुमची पंधरा वर्षं भरलीत ना? पासिंगला काय केलंत?

डाऊन_स्विफ्ट
जुन्या स्प्रिंगा जपून ठेवल्यात. त्या घातल्या, पासिंग केलं, पुढच्या पाच वर्षांची चिंता गेली.

चाकबंद
म्हणजे तपासणीपुरती गाडी वेगळी आणि रस्त्यावर वेगळी. मला याचाच राग आहे. समोरून येणाऱ्याला माहीत नसतं की तुमच्या मागच्या स्प्रिंगा वायरने बांधल्यात.

डाऊन_स्विफ्ट
माझ्या बांधलेल्या नाहीत! न बघता बोलू नका. तुमच्यासारख्या इंजिनिअर लोकांना गॅरेजात हात काळे करणाऱ्याची अक्कल दिसतच नाही. मागं मी काही कापलेलं नाही, फक्त पुढं कापलंय.

चाकबंद
मागे हात लावला नाहीत, हे बरं केलंत. ग्राइंडरने पाऊण कॉइल आणि दोन कॉइल यात फरक आहे, एवढं मानतो. पण लिहिताना तो फरक लिहा. वाचणारी पोरं ‘कापा’ एवढंच उचलतात.

डाऊन_स्विफ्ट
लिहितो. पण पैसेवाल्याची हौस ती हौस आणि आमची ती चूक, हे मला पटणार नाही. ताई, पुढं खडबडीत रस्त्यावर डावीकडून टक् आवाज येतो हल्ली. स्प्रिंगमुळं असेल का?

गॅरेजची_मुलगी
आधी बघा स्प्रिंगचं कापलेलं टोक खालच्या सीटच्या खाचेला टेकलंय का. फिरलं असेल तर नीट बसवून घ्या, पण घरी स्ट्रट उघडू नका, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर हात जातो. टोक जागेवर असेल तर लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि लिंक रॉड बघा. आणि कापलेल्या टोकावर रंग मारलाय का? नसेल तर या पावसाळ्यात तिथूनच गंज धरेल.