मदत हवी आहे: जुन्या सिनेमा पोस्टरांच्या धंद्यात शिरायचं कसं?

मंडळी, नमस्कार.

अमरावतीत माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, असली कामं. मोठे काका एका सिनेमा वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह होते. सिनेमाच्या रिळांच्या (प्रिंटच्या) पेटीबरोबर गावोगाव जायचं, थिएटरवर तिकिटांचा हिशोब बघायचा, कलेक्शन घेऊन परत यायचं. बाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण सिनेमा वितरणाच्या सीपी-बेरार सर्किटची, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड या भागाची, बरीच ऑफिसं अमरावतीतच होती. मुंबईचं पिक्चर इथून सगळ्या विदर्भात फिरायचं. पुढे डिजिटल आलं, पेट्या गेल्या, काकांचं ऑफिसही बंद झालं. थकलेल्या पगारापैकी काही रकमेच्या बदल्यात मालकाने पोस्टरांचे गठ्ठे काकांच्या माथी मारले. त्यावरून काकूचा राग अजून गेलेला नाही.

ते गठ्ठे आता माझ्याकडे आहेत. वॉलपोस्टर, शो-कार्ड (थिएटरात लावायच्या पुठ्ठ्यावरच्या जाहिराती), लॉबीत लावायचे फोटोंचे संच, थोड्या गाण्यांच्या चोपड्या. बहुतेक सगळं सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, काही त्याआधीचं. हौस म्हणून दोन-चार फ्रेम करून दुकानात टांगले, तर लोक देवाची तसबीर न्यायला येतात आणि पोस्टरची किंमत विचारतात.

मला हे सगळं एकरकमी विकून मोकळं व्हायचं नाही. रीतसर धंदा म्हणून करायचा आहे. जे या धंद्यात आहेत ते तिथवर पोचले कसे? अस्सल आणि नक्कल कशी ओळखायची? भाव कोण ठरवतं? परवाना वगैरे लागतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. 'ओएलएक्सवर टाका' हा सल्ला मिळून चुकला आहे.

चोरबाजारचा_वारकरी

चांगला धागा. या धंद्याचा कोर्स नसतो की गुरुकुल नसतं. मी पाहिलेले जवळजवळ सगळे विक्रेते दोनपैकी एका वाटेने आलेत. एक म्हणजे रद्दी आणि जुन्या सामानाचा धंदा करणारे. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानदारांकडे बंद पडलेल्या थिएटरांचा, छापखान्यांचा, लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगसारख्या ठिकाणच्या वितरकांचा माल किलोच्या भावाने यायचा. गिऱ्हाईक काय मागतं ते बघून बघून ते तयार झाले. दुसरी वाट आमच्यासारख्या संग्राहकांची. आधी वेडासारखं जमवायचं, मग डुप्लिकेट झालेले विकून पुढची खरेदी करायची. असं करता करता एक दिवस लोकच तुम्हाला डीलर म्हणायला लागतात.

तुमची तिसरी वाट आहे आणि ती सगळ्यांत भारी आहे. तुमच्याकडे माल कुठून आला याचा पत्ता आहे. शंभरातल्या नव्वद विक्रेत्यांना तो सांगता येत नाही. काकांकडून जमेल तितकं लिहून घ्या: ऑफिस कोणतं, माल कुठल्या वर्षांतला, कुठल्या पिक्चरचं वितरण त्यांच्याकडे होतं. जुनी चलनं, बुकिंगचे कागद सापडले तर ते पोस्टरांइतकेच जपा.

पैसा विकताना मिळत नाही, विकत घेताना मिळतो, हे मात्र डोक्यात ठेवा. काकांचा गठ्ठा संपेल. पुढचा गठ्ठा कुठून आणणार, यावरच तुम्ही डीलर आहात की नाही ते ठरेल. काकांच्या बरोबरीचे जुने रिप्रेझेंटेटिव्ह, ऑपरेटर, भुसावळ-नागपूरकडचे थिएटरमालक यांच्या घरी चहाला जायला लागा. तेही घाईने नाही. पहिल्या भेटीत भाव विचारला की माळा बंद होतो.

भावाचं म्हणाल तर नेटवर दिसतात ते मागितलेले भाव, त्यांना फारसा अर्थ नाही. लिलावात प्रत्यक्ष काय किंमत आली ते बघा. ओशियन्स या लिलाव कंपनीने मुंबईत सिनेमाच्या जुन्या वस्तूंचे लिलाव केले, २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हिंदी सिनेमाच्या जाहिरातकलेचं प्रदर्शन लागलं, तेव्हापासून आपल्याकडेही लोक चित्रकाराचं नाव विचारू लागले. उदाहरणार्थ, मुघल-ए-आझमसाठी काम केलेले कोल्हापूरचे जी. कांबळे, दीवारचं पोस्टर करणारे दिवाकर करकरे. कोपऱ्यात सही असेल तर ती फ्रेमच्या कडेखाली दाबू नका म्हणजे झालं!

ऑफसेटवाला

आमचा पिढीजात छापखाना, म्हणून अस्सल-नक्कलवर लिहितो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेटवर छापलेल्या चेहऱ्यावर धरलं की रंगीत ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसते. जुन्या लिथोत, म्हणजे शिळाछापात, अशी जाळी नसते, खडूने घासल्यासारखा खरखरीत पोत दिसतो. हल्लीच्या डिजिटल प्रिंटवर रंग फवारल्यासारखा विस्कटलेला असतो. आणि नकलेची सगळ्यात मोठी चुगली घड्या करतात. पोस्टर घडी घालूनच पाठवायचे, त्यामुळे अस्सल कागदाला घडीवर खरी चीर असते. नकलेत घडी छापलेली असते, बोट फिरवलं तर सपाट!

पण तुमच्या मालात नकलेपेक्षा जास्त भानगड रि-रिलीजची असणार. शोले, मदर इंडिया यांसारखे सिनेमे पुन्हा पुन्हा लागले आणि त्या-त्या वेळी पोस्टर नव्याने छापले गेले. तेही जुने, तेही खरेच, पण पहिल्या रिलीजचे नव्हेत. भावात मोठा फरक पडतो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. भिंग दुकानात आहेच. एक शंका. मदर इंडियाचं एक पोस्टर आहे, ३० × ४० इंची, काकांच्या मते 'पहिल्या वेळचं'. तळाला छापखान्याचं नाव आणि 'बॉम्बे ४०० ००४' असा पत्ता आहे. यावरून काही कळतं का?

ऑफसेटवाला

सगळंच कळतं. सिनेमा १९५७ चा. सहा आकडी पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी पत्त्यात नुसतं 'बॉम्बे-४' असायचं. म्हणजे हे पोस्टर १९७२ नंतरचं, नक्की. काकांना दोष देऊ नका, त्यांच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच आलं असेल.

असंच 'यूए'चं. सेन्सॉर बोर्डाचं हे प्रमाणपत्र १९८३ साली आलं. १९७५ च्या पिक्चरच्या पोस्टरवर 'यूए' दिसलं की समजायचं, हे रि-रिलीजचं. तळाची ती बारीक पट्टी आधी वाचायची, हिरोचा चेहरा नंतर.

ताळेबंद

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जुना माल विकायला जीएसटीत मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) घेतली नसेल तर खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर बसतो. पण त्यासाठी खरेदीचा कागद हवा, म्हणून ज्याच्या माळ्यावरून घ्याल त्याच्याकडून साधी का होईना सही केलेली पावती घ्या. राज्याबाहेर कुरियर करणार असाल तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. सीएला विचारूनच करा.

शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. त्यांचा व्यापार करायला परवाना हवा आणि परदेशी पाठवता येत नाहीत. तुमचा सत्तर-ऐंशीचा माल त्यात येत नाही, पण उद्या कुणी मूकपटाच्या जमान्यातलं काही आणून दिलं तर थांबा. बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचं साल १९२४, म्हणजे त्या काळातला कागद आता शंभरी ओलांडतोय. अस्सल प्रत विकणं वेगळं आणि ती स्कॅन करून छापून विकणं वेगळं, हेही बघा. दुसऱ्यात कॉपीराइट आडवा येतो.

भोचक_भवानी

सगळे धंद्याचं बोलताय, काकूंचं काय? पगाराऐवजी आलेला माल आहे तो. पहिल्या विक्रीतला वाटा आधी तिथे पोचू दे, मग नाझ बिल्डिंग बघा.

धागाकर्ता

भवानीताई, काकूने धागा वाचला. निम्मा वाटा आणि हिशोबाची वही तिच्याकडे, असं ठरलंय!

शेवटचा प्रश्न. काही पोस्टरांच्या घड्या फाटल्यात. मागून सेलोटेप लावून, लॅमिनेट करून फ्रेम केले तर चालेल?

चोरबाजारचा_वारकरी

अजिबात नाही! सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, आणि लॅमिनेट केलेलं पोस्टर संग्राहकाच्या दृष्टीने मेलं. फाटकं असलं तरी आहे तसं विकलं जातं, घडीच्या खुणांना कुणी नाव ठेवत नाही. फारच मौल्यवान असेल तर लिनन बॅकिंग करून घ्या. मागे आम्लमुक्त कागद आणि कापड, चिकटवायला गव्हाची खळ, म्हणजे पुढे पाण्याने सोडवता येतं. फ्रेममध्येसुद्धा काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला. हे तुम्हाला मी काय सांगणार, दुकान तुमचं आहे.

गठ्ठे जमिनीवर असतील तर आजच वर उचला, वाळवी खालून येते. आणि यादी करताना प्रत्येकाच्या तळाच्या पट्टीचा वेगळा फोटो काढा. इथे टाका, ऑफसेटवाले आणि मी मिळून साल लावून देतो. मदर इंडियाचा आधी टाका, मला चित्रकाराची सही बघायचीय.