सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी राहत नाहीये. आययूआय की थेट आयव्हीएफ?

तळ्यावरची:
नमस्कार. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ३३, नवरा ३६, प्रयत्न सुरू करून दोन वर्षं होत आली. पाळी घड्याळ लावल्यासारखी येते. त्याचा सीमेन रिपोर्ट नॉर्मल, माझं थायरॉइड नॉर्मल, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी टेस्ट) २.१, एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे) झालं (थोडंसं दुखेल म्हणाल्या होत्या, देवा रे), दोन्ही नळ्या मोकळ्या. फाईल एवढी जाड झालीय आणि शेवटच्या पानावर काय तर 'अनएक्सप्लेन्ड'. म्हणजे सगळ्या विषयांत पास आणि निकाल राखीव.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या क्लिनिकात गेलो तर पंधरा मिनिटांत आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज पुढ्यात, ईएमआयच्या तक्त्यासकट, आणि ती काउन्सिलर मुलगी म्हणते मॅडम, वय थांबत नाही. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरबाई म्हणतात आधी अंडी वाढवायच्या गोळ्यांवर तीन-चार आययूआय (नवऱ्याचं सॅम्पल सरळ गर्भाशयात सोडतात ते) करू, मग बघू. सासूबाई म्हणतात टेन्शन सोडा, आपोआप होईल. नवरा म्हणतो तू म्हणशील तसं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. साठवलेले अडीच लाख आहेत, त्यातच सगळं बसवायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

ट्रान्सहार्बर:
ताई, मी 'तू म्हणशील तसं'वाला नवराच बोलतोय. आमचंही हेच होतं, अनएक्सप्लेन्ड. ऐरोलीत ऑफिस, घर कासारवडवलीला, चार आययूआय केले. त्रास म्हणाल तर बायकोला दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, मग एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडीला (अंडं किती वाढलं ते बघायची सोनोग्राफी) सकाळी आठला रांग, फॉलिकल म्हणजे अंड्याची पिशवी १८-२० मिमीची झाली की अंडं सुटायचं ट्रिगर इंजेक्शन आणि दीड दिवसाने आययूआय. ती प्रोसिजर पाच मिनिटांची. माझं काम फक्त सॅम्पल, पण क्लिनिकमधल्या त्या खोलीत जमेना म्हणून घरून न्यायचं ठरलं, तासाभरात पोचलं पाहिजे आणि थंड व्हायला नको. तर मी डबी बनियनच्या आत काखेपाशी धरून रिक्षात, आणि रिक्षा कापूरबावडीला अडकलेली, बावीस मिनिटं. रिक्षावाला विचारतो साहेब छातीत दुखतंय का. 😅

पहिले तीन फुकट गेले, चौथ्याला राहिलं. एकेकाला सोनोग्राफ्या धरून बारा-तेरा हजार आले. पण आमचं झालं म्हणून तुमचंही होईल असं मी म्हणणार नाही, बिल्डिंगमधल्या दोघांचे सहा सहा होऊन काही झालं नाही.

आकडेमोड्या:
अनुभव ऐका, पण आकडेही बघा. ह्यावर चांगल्या ट्रायल झाल्यात.

सासूबाईंचं अगदीच चूक नाही. स्कॉटलंडमध्ये ५८० जोडप्यांवर अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. सहा महिने काहीच न करणाऱ्यांत मूल झालं १७ टक्क्यांना, अंडी वाढवणाऱ्या नुसत्या क्लोमिफीनच्या गोळ्यांवर १४ टक्क्यांना आणि औषधाशिवायच्या आययूआयने २३ टक्क्यांना, आणि हा फरक काही ठाम म्हणावा असा नव्हता. म्हणजे नुसत्या गोळ्या घेऊन घरी प्रयत्न करा असं कोणी सांगत असेल तर त्यात फारसा दम नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र गोळ्या आणि आययूआय दोन्ही एकत्र दिलं, तीन सायकल, तिथे ३१ टक्के विरुद्ध थांबणाऱ्यांत ९ (२०१८, २०१ जोडपी). पण त्यांनी मुळात आपोआप राहण्याची शक्यता कमी असलेलीच जोडपी निवडली होती, हे विसरू नका.

आता आययूआय की आयव्हीएफ. बोस्टनकडे ५०३ जोडप्यांवर झालेली ट्रायल आहे, २०१० ची, बायका ४० च्या आतल्या. एका सायकलमागे गर्भ राहण्याचं प्रमाण क्लोमिफीन-आययूआयला ७.६ टक्के, इंजेक्शन-आययूआयला (अंडी गोळ्यांऐवजी इंजेक्शनने वाढवतात ते) ९.८, आयव्हीएफला ३०.७. त्यांचा निष्कर्ष असा की गोळ्यांवर तीन आययूआय करा आणि नाही झालं तर मधली इंजेक्शनवाली पायरी गाळून सरळ आयव्हीएफला जा, वेळही वाचतो आणि पैसाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये साधारण हेच सांगितलं, गोळ्यांवर तीन-चार आययूआय, मग आयव्हीएफ. उलट इंग्लंडची २०१३ ची सरकारी गाईडलाईन म्हणते आययूआय सरसकट देऊच नका, दोन वर्षं प्रयत्न झाले की आयव्हीएफ. त्यामुळे तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत म्हणून लगेच कोणी लुटतंय असं नाही. ईएमआयचा तक्ता पंधराव्या मिनिटाला काढणं ही वेगळी गोष्ट.

तळ्यावरची:
बापरे, एवढं तर कोणी समजावलंच नव्हतं. पण मग इंजेक्शन का गाळायचं? जास्त अंडी म्हणजे जास्त चान्स ना?

आकडेमोड्या:
चान्स वाढतो, पण आययूआयमध्ये किती अंडी फलित होतील ह्यावर कुणाचाच ताबा नसतो. २०१५ ची ट्रायल बघा, ९०० जोडपी, चार सायकलपर्यंत: इंजेक्शनवर ३२.२ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफीनवर २३.३, लेट्रोझोल ह्या दुसऱ्या गोळीवर १८.७. पण इंजेक्शनवाल्या गर्भधारणांत जुळी-तिळी ३२ टक्के! त्यातली तिळ्यांची प्रकरणं दहा. गोळ्यांत ते ९ आणि १३ टक्के. ठाण्यात तिघं घेऊन एनआयसीयूत बसायचं तर अडीच लाख पहिल्या आठवड्यात उडतील.

औषधवाली:
कोपरखैरणेला मेडिकल आहे माझं. एक सांगते, लेट्रोझोल लिहून दिलं आणि इंटरनेटवर 'बॅन' वाचलंत तर घाबरू नका. २०११ ला वंध्यत्वासाठी वापरायला भारतात बंदी आली होती, २०१७ ला उठली. मुळात कॅन्सरची गोळी आहे म्हणून पाकिटातला कागद वाचून बायका रडत येतात दुकानात, दर महिन्याला एक तरी.

नेरूळची मावशी:
उशिरा वाचलं. मी आयव्हीएफवाली, अनएक्सप्लेन्डच, पण ३७ ची होते, म्हणून तीन आययूआय न करता सरळ गेले आणि पश्चात्ताप नाही. ३३ ला असते तर आधी आययूआय केलं असतं. आयव्हीएफ म्हणजे एकदा केलं की झालं असंही नाही गं. अकरा अंडी निघाली, नऊ पिकलेली, सहा फलित, पाचव्या दिवशी उरले तीन गर्भ. पहिला आत सोडला, नाही राहिला. बीटा एचसीजीचा (राहिलं की नाही ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी वाशी स्टेशनच्या पुलावर होते, तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले, दोन गाड्या सोडल्या. दुसरा फ्रीज केलेला, तो राहिला, आता घरभर धावतोय. सगळं मिळून दोन लाख चाळीस, औषधंच त्यातली सत्तर हजारांची.

तुझ्या पॅकेजमध्ये काय काय घातलंय ते बघ. आमच्यात 'स्क्रॅचिंग' होतं, गर्भाशयाचं अस्तर खरवडायचं. नंतर कळलं की १३६४ बायकांवर अभ्यास झाला, २०१९ चा, काडीचा फायदा नाही. इक्सीचंही (एकेक स्पर्म सुईने अंड्यात सोडतात ते) विचार, स्पर्म चांगले असताना त्याचा जास्तीचा उपयोग दिसलेला नाही. एएमएच बघून घाबरवत असतील तर ते इंजेक्शनला किती अंडी येतील ते सांगतं, आपोआप राहील की नाही ते नाही. आणि २०२१ च्या एआरटी (वंध्यत्वाच्या उपचारांच्या) कायद्याखाली आययूआय करणाऱ्यांनाही नोंदणी लागते, तुमच्या जुन्या डॉक्टरबाईंचीही आहे का ते बिनधास्त विचार.

तळ्यावरची:
तुमचं पॅकेजवालं वाचून कागद पुन्हा काढला. स्क्रॅचिंग १२,०००, बारीक अक्षरात. 🙏

रात्री नवऱ्याला हा सगळा धागा वाचायला लावला, तो कापूरबावडीवर अडकला, हसून हसून. ठरलंय: लेट्रोझोलवर तीन आययूआय, नौपाड्यातच, आणि दिवाळीपर्यंत नाही झालं तर आयव्हीएफ, पण स्क्रॅचिंगशिवाय. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. दोन वर्षं जी येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले तिचीच आता वाट बघतेय, गंमतच आहे.

एक राहिलं, ट्रिगर रात्री साडेदहाला घ्यायचं असतं म्हणे, त्या वेळी टोचून कोण देतं?

ट्रान्सहार्बर:
पोटावरचं असेल तर मीच द्यायचो, एकदा नर्सने दाखवलं की जमतं. कंबरेतलं असेल तर जवळच्या नर्सिंग होमला आधीच सांगून ठेवा. आणि फ्रीजमध्ये ठेवायचं झालं तर दारात नको, आतल्या कप्प्यात ठेवा. आमचं एकदा कोथिंबिरीच्या पिशवीत गेलं होतं.