पेट शॉपमध्ये जिवंत जनावरं विकू द्यावीत का?

टिळकवाडीकर (धागा सुरू करणारा)

बेळगावात पेट शॉप बरीच वाढली आहेत. खाऊ, पट्टे, पिंजरे, औषधं विकणाऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण काही दुकानांत मागच्या बाजूला जाळीच्या खोक्यात लॅब्रॅडॉर नि शित्झूची पिल्लं, प्लास्टिकच्या डब्यात रुपयाएवढी हिरवी कासवं, असा सगळा माल नगावर विकला जातो. माझं मत स्पष्ट आहे, हे बंद व्हायला पाहिजे. निदान कुत्री, मांजरं आणि कासवं तरी लगेच.

दुकानातल्या पिल्लाची आई गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. केंद्राचे २०१७ चे नियम सांगतात की कुत्रीचं वर्षात एकच वेत घ्यायचं, आयुष्यात पाचच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. २०१८ च्या नियमांनी पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. नियम चांगलेच आहेत. पण ती कुत्री कुठल्या शेडमध्ये बांधली आहे, तिचं हे कितवं वेत, हे काउंटरवर उभं राहून कसं कळणार? इंग्लंडनं २०२० मध्ये सहा महिन्यांखालची कुत्र्या-मांजरांची पिल्लं दुकानदार आणि दलालांनी विकण्यावर बंदी घातली. पिल्लू घ्यायचं तर ते वाढवणाऱ्याकडे जायचं आणि आईसोबत बघूनच घ्यायचं. फ्रान्सनं १ जानेवारी २०२४ पासून दुकानातली कुत्र्या-मांजरांची विक्रीच थांबवली.

विरोधी मत असेल तर जरूर लिहा, तेच वाचायचं आहे.

काचपेटीवाला

माझं स्वतःचं दुकान आहे, तेव्हा मी बोललंच पाहिजे. मी मासे आणि बजरी पक्षी (छोटे पिंजऱ्यातले पोपट) विकतो. कुत्री ठेवत नाही, जागाच नाही तेवढी. तरीही सरसकट बंदीला माझा विरोध आहे.

दुकान बंद केलंसा म्हणून धंदा बंद होत नाही, तो फोनवर जातो. आत्ताही चाललाच आहे की. ग्रुपवर फोटो येतो, आधी पैसे पाठवा म्हणतात, आणि पिल्लू रात्रीच्या गाडीनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं. सकाळी स्टँडवर खोकं उघडलं आणि आत पिल्लू गार पडलेलं असलं, तर जाब कुणाला विचारणार? फोन बंद. माझ्या दुकानाला पाटी आहे, शटर आहे, उद्या सकाळी भांडायला तुम्ही येऊ शकता. जो सापडतो त्यालाच कायद्यानं धरायचं आणि जो सापडत नाही त्याला मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय?

गुरांचा डॉक्टर

काचपेटीवाल्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण कुत्र्याच्या पिल्लांपुरतं मी टिळकवाडीकरांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा जुलाब.

विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू घरी येऊन चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं टाकतं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. टेबलावर ठेवलं की मान उचलत नाही. कान गार, हिरडी पांढरीफटक, आणि पायाची शीर इतकी बसलेली की सलाईनची सुई लावायला कस लागतो. घरातली पोरं दाराशी उभी राहून बघत असतात.

आईच्या चिकातून मिळालेली ताकद सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागते, लशीची ताकद अजून पुरती आलेली नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चार ठिकाणची पिल्लं एका जाळीत कोंबली जातात. एक आजारी गेलं की जमिनीवर विषाणू महिनोन्‌महिने राहतो. साध्या फिनाईलनं तो मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. दुकानदार मनानं वाईट असतो असं मी म्हणत नाही. ती जागाच अशी आहे की चांगला माणूससुद्धा तिथे पिल्लू सांभाळू शकत नाही.

आणि वय सांगण्यावर विश्वास ठेवू नका. ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणाला तर तोंड उघडून बघा. पुढचे दात नि सुळे नुकतेच टोचायला लागलेत आणि मागे दाढा नाहीत, तर ते पिल्लू जेमतेम महिन्याचं आहे. त्याला परत द्या आणि तक्रार करा.

वडगावची ताई

डॉक्टर, तुमचं पटलं. पण ‘दुकानातून जनावर नको’ म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचाही विचार करावा. माझ्या मुलाला बजरीची जोडी दुकानातूनच घेतली. रोज शाळेतून आला की आधी पाण्याची वाटी धुतो, राळ्याची टरफलं फुंकून काढतो, कुणी सांगावं लागत नाही. हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदा झालेले, रानातून धरून आणलेले नाहीत. ब्रीडर शोधत कोल्हापूर-हुबळीला जायला आम्हांला कुठे जमणार? दुकान आहे म्हणून साध्या घरातल्या पोराला जीव लावायला काहीतरी मिळतं. ते काढून घेऊ नका.

खानापूरकर

ताई, बजरीबद्दल माझीही तक्रार नाही. पण बजरीच्या गिऱ्हाइकालाच हळूच ‘बोलणारा हवा का?’ असं विचारणारे असतात. आपला हिरवा पोपट, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. विकणंच नव्हे, घरात ठेवणंही गुन्हा. आम्ही भीमगडच्या जंगलाला लागून राहतो. ढोलीतून पिल्लं काढणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? शहरातल्या पिंजऱ्यातून. कुणी देऊ केलं तर दया येऊन ‘सोडवून आणू’ म्हणूनसुद्धा पैसे देऊ नका. तुमच्या पैशानं तो उद्या दुसरी ढोली फोडतो. वनखात्याला कळवा.

घटप्रभाकाठचा

मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

आमच्याकडे कारवान कुत्री आहेत, मुधोळ जातीची. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं, तिम्मापूरला तिचं संशोधन केंद्र आहे. तरी खरं सांगतो, ही जात टिकली ती वाडीवस्तीवरच्या शेतकऱ्यांनी पिल्लं वाढवून विकली म्हणून. ‘विकत घेऊच नका, फक्त दत्तक घ्या’ असं सगळ्यांनी धरलं तर पुढच्या पिढीला कारवान तिकिटावरच बघावं लागेल.

पण मी दुकानाला पिल्लू देत नाही. घेणाऱ्यानं आमच्या दारात यायचं, आई बघायची, मी त्याला चार प्रश्न विचारणार. रान आहे का? पळवणार कुठे? तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मी नाही म्हणतो, दुप्पट पैसे दिले तरी. दुकानदार हे विचारेल? त्याला संध्याकाळपर्यंत जाळी रिकामी करायची असते.

टिळकवाडीकर

घटप्रभाकाठचे, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध विक्रीला नाही, मधल्या जाळीला आहे. इंग्लंडचा कायदाही तेच सांगतो. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून वेगळी वाट धरली, तिथल्या दुकानात निवारा केंद्रातलीच कुत्री-मांजरं ठेवता येतात. आपल्याकडे मृगात गल्लोगल्ली गावठी पिल्लं भिजत असतात, त्यातली मादी तर कुणीच उचलत नाही. एखाद्या दुकानानं आठवड्यातून एक दिवस लस टोचलेली अशी पिल्लं दाखवायला जागा दिली, तर खाऊ नि पट्टा त्याच दुकानातून जाईल.

काचपेटीवाले, फोनवरच्या धंद्याचं तुमचं खरं आहे. पण तो चोरटा आहे म्हणून उघड्यावरचं चालू ठेवायचं, हे मला पटत नाही. दोन्हीकडे नोंदणीचा दाखला मागायची सवय आपणच लावून घ्यायला हवी.

काचपेटीवाला

दाखला मागा, जरूर मागा. माझ्याकडे कुणीच मागत नाही, तेच दुखणं आहे. पावतीसुद्धा नको म्हणतात.

गावठी पिल्लांना शनिवारी माझ्या दुकानापुढची फरशी घ्या, पाणी-सावली मी बघतो. लस मात्र डॉक्टरांनी आधी टोचलेली पाहिजे. मासे बंद करा म्हणालात तर ऐकणार नाही. ज्याला गोल बरणीत गोल्डफिश ठेवायचाय त्याला मी मासाच देत नाही. त्याच्याच घाणीतून पाण्यात अमोनिया साचतो आणि आठवड्यात मरतो. दहा वर्षं जगू शकणारा जीव आहे तो.

कासवांबद्दल तुम्ही बरोबर आहात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ती परदेशी कासवं मी आणणं थांबवलंय. लोक खेळणं म्हणून नेतात, पुढे ते ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग पिशवीत घालून परत आणतात, ‘घ्या, नाहीतर किल्ला तलावात सोडतो’ म्हणतात. माझ्याकडे अशी परत आलेली टाकीत पडून आहेत. डॉक्टर, यांचं काय करायचं सांगा.

गुरांचा डॉक्टर

तलावात अजिबात सोडू देऊ नका. ती आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही बळकावतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला जंतूचा जुलाब व्हायचा. तुमच्या टाकीला हात लावला की हात साबणानं धुवा. शनिवारी मी पिल्लांना बघायला येतो, तेव्हा कासवंही बघतो. खोल पाणी आणि वर बसायला कोरडा दगड एवढं तोवर करून ठेवा.